मिश्र प्रवाळटाकीत ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवावा, की पाणी पिवळे झाल्यावरच?

तुमचा प्रश्न असा आहे की, २५० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लेदर कोरल (मृदू प्रवाळ) आणि मॉन्टिपोरा (कठीण प्रवाळ) एकत्र वाढवताना ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाणी शुद्ध करणारा सच्छिद्र कोळसा, सतत वापरावा, की पाणी पिवळसर दिसू लागल्यावरच. आणि सतत वापरल्याने प्रवाळांना लागणारी द्रव्येही निघून जातात, हे खरे आहे का. मी न्यू जर्सीत राहतो आणि ११ वर्षे साधारण २८० लिटरची अशीच मिश्र टाकी सांभाळतो आहे. कार्बन कायम ठेवा, पण थोडा ठेवा आणि लवकर लवकर बदला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा पिवळेपणा जाणे हा कार्बनचा दिसणारा फायदा असला, तरी तुमच्यासारख्या टाकीत त्याचे खरे काम वेगळे आहे. लेदर कोरलसारख्या मृदू प्रवाळांना कठीण प्रवाळांसारखा चुन्याचा सलग सांगाडा नसतो. ते आपली जागा राखतात ती मुख्यतः रसायनांच्या बळावर. सार्कोफायटन आणि सिन्युलेरिया या लेदर कोरलच्या जातींमधून टर्पीन वर्गातील संयुगे पाण्यात उतरतात आणि शेजारच्या कठीण प्रवाळांची वाढ रोखतात, कधी त्यांच्या ऊती मारतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर काम करणाऱ्या संशोधकांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, हा परिणाम घडण्यासाठी दोन प्रवाळांचा एकमेकांना स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. समुद्रात ही रसायने प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि अथांग पाण्यात विरतात. टाकीत मात्र तेच २५० लिटर पाणी दिवसरात्र त्याच मॉन्टिपोरावरून फिरत राहते. स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र, मदत करतो, पण बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटू शकणारी द्रव्येच तो बाहेर काढतो. उरलेल्यांपैकी बराच भाग कार्बन धरतो, आणि म्हणून या दोन साधनांपैकी एक असताना दुसऱ्याची गरज नाही, असे मी मानत नाही. लेदर कोरल कापून त्याची रोपे करायची असतील, किंवा तो मेणासारखी कात टाकत असेल, तर त्या दिवशी जुना कार्बन काढून ताजा घालण्याचा नियम मी कटाक्षाने पाळतो.

कार्बन हे काम कसे करतो, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. टीपकागद शाई आत ओढून घेतो तसे येथे होत नाही. विरघळलेले रेणू कार्बनच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात, आणि या क्रियेला अधिशोषण म्हणतात. एका ग्रॅम चांगल्या कार्बनमध्ये या भिंतींचे क्षेत्रफळ ५०० ते १,५०० चौरस मीटर इतके असते. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये अतिसूक्ष्म छिद्रे अधिक असतात, तर लिग्नाइटपासून (तपकिरी दगडी कोळशापासून) केलेल्यात मोठी छिद्रे अधिक असल्यामुळे पाणी पिवळे करणारे मोठे रेणू त्यात सहज शिरतात. घरी करवंट्या जाळून केलेला कोळसा चालेल का, असे मला कोकणातल्या एका नातेवाइकांनी विचारले होते. तो चालत नाही, कारण साध्या कोळशाची छिद्रे डांबरासारख्या द्रव्यांनी बुजलेली असतात. ती उघडण्यासाठी ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यावरून वाफ सोडावी लागते. याच कारणाने वापरलेला कार्बन घरच्या ओव्हनमध्ये भाजून पुन्हा ताजा होत नाही.

आता तुमच्या शंकेविषयी. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) यांवर कार्बनचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. सेंद्रिय द्रव्यांशी बांधलेले काही सूक्ष्म धातू आणि थोडे आयोडीन त्याच्याबरोबर जाऊ शकते, पण मी दर आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी बदलतो आणि तेवढ्याने माझ्या टाकीत उणीव कधी दिसलेली नाही. उलट बाजूने, अमोनिया, नायट्रेट किंवा फॉस्फेट कमी करण्यासाठी कार्बनवर विसंबू नका. ते त्याचे काम नाही. व्हिनेगर किंवा व्होडका घालून जिवाणू वाढवण्याच्या पद्धतीलाही छंदी लोक ‘कार्बन देणे’ म्हणतात, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो; त्या पद्धतीचा येथे संबंध नाही.

अधूनमधून वापरण्याला माझा विरोध आहे, त्यामागे एक नुकसान आहे. चौथ्या वर्षी मी जवळजवळ दोन महिने कार्बन घातला नाही, आणि मग पाणी पिवळे दिसताच नेहमीच्या तिप्पट कार्बन रिॲक्टरमध्ये (पंपाने ज्यातून पाणी ढकलले जाते अशा नळकांड्यात) भरून जोरदार पंप लावला. दोन दिवसांत पाणी काचेसारखे स्वच्छ झाले आणि मला फार आनंद झाला. चौथ्या दिवशी दिव्याच्या थेट खाली असलेल्या मॉन्टिपोराचा वरचा भाग फिका पडला, आणि आठवडाभरात तो तळहाताएवढा पांढरा झाला. पिवळी द्रव्ये निळा आणि जांभळा प्रकाश शोषतात. ती एकदम निघून गेल्यावर, दिवे तेच असूनही, मंद प्रकाशाला सरावलेल्या प्रवाळावर अचानक कितीतरी जास्त प्रकाश पडला होता. त्यातला अर्धाच भाग पुढे सावरला. तुमच्या टाकीत आजवर कार्बन नसेल, तर पहिल्या आठवड्यात दोन मोठे चमचेच घाला, दिव्यांची तीव्रता थोडी उतरवा आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही हळूहळू वाढवा.

माझ्या टाकीसाठी मी सुमारे ५० ग्रॅम कार्बन जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, उपकरणे ठेवण्याच्या दुसऱ्या टाकीत), जेथून पाणी नक्की जाते अशा ठिकाणी ठेवतो आणि तीन आठवड्यांनी बदलतो. रिॲक्टर वापरलात तर परिणाम जलद होतो, पण त्यातले दाणे वाळूसारखे उसळत राहू देऊ नका. वर-खाली स्पंज लावून ते हलकेच दाबून ठेवा, कारण घासले गेलेले दाणे भुकटी होऊन टाकीत उतरतात.

या भुकटीकडे दुर्लक्ष करू नका, विशेषतः टँग, म्हणजे सर्जनफिश, जातीचे मासे असतील तर. त्यांच्या डोक्यावर आणि अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेवर (संवेदनेच्या रेषेवर) खड्डे पडण्याचा जो विकार आहे, त्याचा कार्बनशी संबंध अमेरिकेतील टोलेडो प्राणिसंग्रहालयात सर्जनफिशवर केलेल्या प्रयोगात दिसून आला: लिग्नाइटच्या कार्बनमुळे माशांना तो विकार तीव्रपणे जडला, तर कठीण गोळ्यांच्या कार्बनमुळे फारच सौम्य. म्हणून मी गोळ्यांचा, सहज न चुरडणारा कार्बनच घेतो, आरओ पाण्याने निथळ स्वच्छ येईपर्यंत धुतो आणि रात्रभर भिजत ठेवतो. भिजल्याने छिद्रांतली हवा निघते आणि दाणे तरंगत नाहीत. फॉस्फरिक आम्लाने धुतलेल्या कार्बनमधून फॉस्फेट पाण्यात उतरू शकते. नवे पाकीट आणल्यावर चमचाभर कार्बन पेलाभर आरओ पाण्यात तासभर ठेवून त्या पाण्याची फॉस्फेट चाचणी करा, आणि रंग चढला तर ते पाकीट टाकीसाठी वापरू नका.

कार्बन संपला हे ओळखण्यासाठी टाकीच्या लांब बाजूने, पलीकडे पांढरा कागद धरून पाहतात. ही पाहणी मीही करतो, पण कागद पिवळसर दिसेपर्यंत कार्बन बहुधा बरेच दिवस आधी भरून गेलेला असतो, आणि टर्पीनला तर रंगच नसतो. त्यामुळे बदलण्याची तारीख मी दिनदर्शिकेवरच लिहून ठेवतो. विलगीकरणाच्या टाकीत माशांना औषध देत असाल तेव्हा मात्र तेथला कार्बन आठवणीने काढा, नाहीतर औषधाचा बराच भाग तोच धरून ठेवील. उरलेले पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, कारण उघडा राहिलेला कार्बन स्वयंपाकघरातली फोडणीची वाफ आणि भिंतींच्या ताज्या रंगाचा वाससुद्धा धरतो, आणि टाकीत जाण्याआधीच त्याची काही जागा भरून जाते.