अकरावीतील मुलींना मुंबईत गरजू कुटुंबांसाठी शिधावाटपाचे काम करायचे असेल, तर सुरुवात कशी करावी?

आपण विचारले आहे की, आपली मुलगी यंदा अकरावीत गेली असून तिला आणि तिच्या मैत्रिणींना मुंबईत गरजूंना शिधा देणाऱ्या एखाद्या संस्थेत काम करण्याची इच्छा आहे, जोडीला सकस आहाराचा प्रसारही करायचा आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या हातून नेमके काय होण्यासारखे आहे? मी परळ भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि आमचे विद्यार्थी जवळच्या एका लहान शिधावाटप केंद्रात मदतीला जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर असते. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, आहाराविषयी लोकांना काही सांगण्याआधी मुलींनी शिध्याच्या पिशवीत काय जाते यात लक्ष घालावे. पिशवीत डाळ, कडधान्य आणि तेल पुरेसे असेल, तर सकस आहाराचे निम्मे काम तिथेच होते.

याचे कारण रेशनच्या व्यवस्थेत आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे धान्य प्रामुख्याने तांदूळ आणि गहू असते. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला होता, परंतु तो सणापुरता होता. डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, भाजी यांचा रोजचा खर्च कुटुंबालाच उचलावा लागतो आणि महिनाअखेर कात्री लागते ती याच वस्तूंना. असे असूनही गृहनिर्माण संस्थांमधून दान मागितले की, लोक सद्भावनेने तांदळाच्या पिशव्याच आणून देतात. म्हणून मुलींचे पहिले काम मागणीची यादी नीट लिहिण्याचे असावे. आपल्या इमारतीच्या सूचनाफलकावर ‘तूरडाळ, मसूर, मूग, मटकी, शेंगदाणे, तेलाची पिशवी, गूळ’ असे ठळक लिहून लावावे आणि दारोदार जाऊन, ‘काका, या महिन्यात तांदूळ पुरेसे आहेत, डाळ मिळाली तर फार उपयोग होईल,’ असे नम्रपणे सांगावे. मुलींनी तोंडाने सांगितलेले लोक मनावर घेतात, हे मी वारंवार पाहिले आहे. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना धान्यही लागते. परराज्यातून आलेल्या कुटुंबाची शिधापत्रिका गावाकडे असेल, तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेखाली मुंबईतील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते, आणि अनेकांना हे ठाऊक नसते. त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत जाणे हीसुद्धा मोठी मदत ठरते.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि तिच्याकडे दाते सहसा लक्ष देत नाहीत. आमच्या केंद्रात एका बाईंनी काबुली चण्यांची पिशवी परत केली आणि त्याऐवजी मसूर डाळ मागितली. जवळ उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाळा, हे भिजवायला रात्र आणि शिजवायला अर्धा सिलिंडर. मसूर कशी, दोन उकळ्यांत मऊ होते.” त्या दिवसापासून आमच्या विद्यार्थ्यांनी पिशव्यांचे प्रकार केले. घरी कुकर असणाऱ्यांना कडधान्य, लहान शेगडीवर भागवणाऱ्यांना मसूर आणि मूगडाळ, आणि चूलच नाही अशा पदपथावरील कुटुंबांना फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे आणि केळी. हे सगळे माहीत करून घ्यायला रांगेतील माणसाशी दोन मिनिटे बोलावे लागते, आणि मोठ्या स्वयंसेवकांना वाटपाच्या गर्दीत तेवढी सवड नसते. मुलींकडे ती असते. परळला टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक धर्मशाळांमध्ये, क्वचित पदपथावरही मुक्काम करतात. त्यांच्यासाठी काम करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे मोड आलेली कच्ची कडधान्ये, कापून ठेवलेली फळे असे काही मुलींनी स्वतःहून देऊ नये आणि आहाराचा सल्ला तर देऊच नये. तो डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा विषय आहे.

वस्तू निवडण्याचे काम कंटाळवाणे दिसते, पण माझ्या मते किशोरवयीन मुले ते सर्वांत चोख करतात. पावसाळ्यात आलेली रव्याची पिशवी उलटी करून तिचा कोपरा ट्यूबलाइटसमोर धरायचा. दाणे सुटे न घसरता बारीक तंतूंनी एकमेकांना धरून लोंबत असतील, तर आत जाळे धरले आहे, म्हणजे अळी आहे, आणि ती पिशवी बाजूला काढायची. तूरडाळीत टोके, पिठाला कडवट वास, शेंगदाण्यांवर बुरशी, तेलाच्या पिशवीची ओलसर कड, फुगलेला डबा, यांतले काही आढळले तर वस्तू देऊ नये. बुरशी आलेले शेंगदाणे धुऊन-भाजूनही सुरक्षित होत नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगावे. वापराची अंतिम तारीख उलटलेले पाकीट वाटायचे नाही, आणि तारीख जवळ आलेले पाकीट पुढच्या महिन्यासाठी मागे ठेवायचे नाही. जे आपण आपल्या घरी खाणार नाही ते पिशवीत घालायचे नाही, या नियमावर आमची मुले अडून बसतात, प्रसंगी दात्याशीसुद्धा, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या उरलेल्या जेवणाबाबत मात्र मी सावध राहायला सांगेन. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात शिजवलेला भात लवकर बिघडतो. शिजवलेले अन्न २ तासांहून अधिक काळ सामान्य तापमानाला ठेवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. आपल्याकडे उरलेल्या अन्नाचे संकलन आणि वाटप यांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१९ चे विनियम आहेत. त्यामुळे हे काम मुलींनी परस्पर अंगावर घेऊ नये. ज्यांच्याकडे गाडी, भांडी आणि अनुभवी माणसे आहेत, अशा संस्थेला फोन करून कळवावे.

आता सकस आहाराविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा प्रश्न जितका रांगेतील मुलींचा, तितकाच आपल्या मुलीच्या वर्गाचाही आहे, आणि तिने तो तसाच मांडावा. डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात चांगले शोषले जावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेणे टाळावे, ही एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळ झाले, कारण तिला वेगळा पैसा लागत नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीचे पीठ पिशवीत घालता आले तर त्याची आंबील किंवा भाकरी कशी करायची, हे मुलींनी रांगेतल्याच एखाद्या आजींना विचारून कागदावर उतरवावे आणि त्यांचे नाव घेऊन इतरांना सांगावे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या या बायकांना हे सारे उत्तम येते. अडचण असते ती जिन्नस न परवडण्याची. वडापाव वाईट, बिस्किटे वाईट अशी भाषणे मात्र कृपया करू नयेत. दिवसभर बाहेर राबणाऱ्या माणसाला त्या पैशांत पोट भरणारे दुसरे काय मिळते, याचे उत्तर आधी आपल्याजवळ असायला हवे. प्रचाराची हौस असेल तर ती आपल्या वयाच्या मुलांमध्ये भागवावी. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. चकचकीत वेष्टनातल्या ‘पौष्टिक’ बिस्किटाच्या यादीत साखर कितव्या जागी आहे, हे मधल्या सुट्टीत मैत्रिणींना दाखवावे. जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे, हेही त्यांना माहीत असावे.

वाटपाच्या वेळी छायाचित्रे काढू नयेत, यावर पालक म्हणून आपणच ठाम राहावे. रांगेत आपल्या मुलीच्या वर्गातील एखादा मुलगा आईबरोबर उभा असू शकतो. आमच्या केंद्रात पिशव्या भरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरीही तोच शिधा जातो, आणि ते कोण हे बाकीच्यांना कळत नाही, अशी व्यवस्था आम्ही ठेवली आहे.

संस्था निवडताना ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, आणि अठरा वर्षांखालील स्वयंसेवकांसाठी तिचे नियम काय आहेत, हे आधी विचारावे. माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली, उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवणारी रोटी बँक ही संस्था मुंबईत काम करते. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आणि असेच अन्नवाटप करणाऱ्या रॉबिन हूड आर्मी या संघटनेचे स्वयंसेवकही येथे आहेत आणि ते रोख देणगी स्वीकारत नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक असेल, तर तेथील कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटणे सर्वांत सोयीचे. रोख रक्कम मुलींनी हाताळू नये. ती मोठ्यांनी पावती देऊन घ्यावी. महिन्यातला एखादाच शनिवार ठरवावा, पण तो चुकवू नये, आणि बारावीच्या वर्षी अभ्यासासाठी थांबण्यापूर्वी दात्यांची यादी आणि कोणत्या कुटुंबाला कोणती पिशवी लागते त्याची वही पुढच्या अकरावीच्या मुलांकडे समजावून सोपवावी.