पहिल्या वॉर्ड पोस्टिंगआधी

अगं, युनिफॉर्मला कडक इस्त्री झाली, घड्याळ घेतलं, सगळं ठीक. पण हिपॅटायटिस बीची लस घेतलीस का? तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटरही, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का तेही, तपासून घे.

सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नकोस. साबण आणि वाहत्या पाण्याने धू आणि तडक इन्चार्ज सिस्टरना सांग. बोलणी बसतील म्हणून लपवणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात. राग त्यांचा नाही येत, त्यांना इतकं घाबरवून ठेवणाऱ्यांचा येतो. एचआयव्ही टाळायची औषधं लागलीच तर शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

बाथरूमला जायला लागेल म्हणून पाणी न पिण्याची खोड आत्ताच मोड. स्वतः लघवीची जळजळ सोसत कॅथेटर केअरवर, म्हणजे पेशंटच्या लघवीच्या नळीच्या काळजीवर, पानंच्या पानं लिहायची, कमाल आहे की नाही! पेशंट एकटीने ओढू नकोस. खाली ड्रॉ शीट, म्हणजे पेशंट सरकवायची आडवी चादर, घाल, मावशींना हाक मार. नाइटनंतर खोलीत अंधार कर, फोन लांब ठेव. आणि डबा खा गं, नुसत्या चहावर ड्यूटी निघत नाही.