वाडा बघायला जाताय? मग हे बघा
पुण्यातला जुना वाडा बघताना दारावरच्या नक्षीतच अडकू नका. घरच्यांना विचारून चौकात जा आणि आधी खांब मोजा, म्हणजे खण, म्हणजेच दोन खांबांमधल्या जागा, कळतात. एखादा खण मध्येच अरुंद झाला असेल तर तिथे नंतर भिंत घातलेली असते, बहुधा भाडेकरूंसाठी. खांबाच्या अंगावर रिकामी खाच दिसली तर थांबा: तिथे कधीकाळी कठडा किंवा आडवं लाकूड बसत होतं. मला तर कोरीवकामापेक्षा ही खाच मोलाची वाटते. मंगळुरी कौलांचे कारखाने १८६५ पासूनचे. पेशवाईतल्या वाड्यावर ती दिसली की छप्पर बदललंय हे नक्की. कौलावर उमटवलेलं कारखान्याचं नावही टिपून घ्या. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असेल तर पायथ्याशी हात लावून बघा. ओल आत कोंडते आणि पोपडे तिथूनच सुटतात.