वाचकांचे प्रश्न : देवरहाटी, सडा आणि कातळशिल्पं

प्रश्न : डिसेंबरात सत्तरीचे आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन रत्नागिरी-राजापूर भागात येतोय. एखादी देवराई आणि त्याच दिवशी कातळशिल्पं बघून होतील का? परवानगी कुणाची लागते?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होतील, पण क्रम महत्त्वाचा. सकाळी सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), भर दुपारी राई, उन्हं उतरल्यावर किल्ला. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडीवरून कशेळी हा सागरी रस्ता धरा. सड्यावर सावलीला झुडूप नसतं आणि अकरानंतर कातळ तापतो, म्हणून कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती साडेआठच्या आत गाठायचा. तो सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, जलचर कोरलेले आहेत. मुलाला एकेक शोधू द्या. गावातलंच सूर्याचं कनकादित्य मंदिर लगेच पाहून घ्या. परतीच्या वाटेवरचा पूर्णगड लहान आहे, आईवडिलांना झेपेल. तटावरून मुचकुंदी नदी समुद्राला मिळते ते दिसतं.

देवरहाटीला, म्हणजे देवराईला, तिकीट नसतं. परवानगी गावाची. वाटेतल्या ज्या गावात राई असेल तिथे आधी देवळात जा, गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारा : कुठवर जायचं, चप्पल कुठे काढायची, फोटो चालतील का. हे गावागणिक बदलतं. आतल्या स्थळाकडे कुणालाच जाऊ देत नसतील तर हट्ट धरू नका. या राया कायद्याच्या आधीपासून टिकल्या त्या अशाच बंधनांवर. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड हवं असलं तरी अनेक गावांत देवाचा कौल घेतल्याशिवाय कुऱ्हाड लागत नाही. पाहुण्याने वाळकी काटकी किंवा पडलेलं फळही उचलू नये. ते फळ कुणाचं तरी खाणं आहे, आणि त्याच्या बीवर पुढचं झाड अवलंबून आहे.

पायवाट सोडू नका, एकामागोमाग एक चाला. कारण पायाखालीच आहे. वाटेच्या कडेला वाकून पातेऱ्याकडे (गळून साचलेल्या पानांकडे) नीट पाहा : वर कोरडी पानं, त्याखाली ओली, अर्धवट कुजलेली, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली, आणि तळाशी काळी भुसभुशीत माती. पावसाचं पाणी हाच थर धरून ठेवतो आणि हळूहळू खाली सोडतो. राईच्या पायथ्याचा झरा उन्हाळ्यात टिकतो तो त्यामुळेच. दहाजण पसरून चालले की थर दबतो, पाणी मुरायचं सोडून वाहून जातं. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी मोठे गट आणू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पाच-सहाजण पुरेत.

वडीलधाऱ्यांच्या हाती काठी द्या. जांभ्याच्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) सावलीत शेवाळ राहतं, आणि उतरताना पाय घसरतो. पूर्ण बाह्या घालाच. डिसेंबरात खाजकुयलीच्या शेंगा वाळायला लागतात. अंगाला लागलीच तर चोळू नका, शेंगेवरची खाजरी लव अजून आत रुतते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. जांभ्याच्या सुट्या दगडाखाली हात घालू नका, दगडावर बसण्याआधी काठीने ठोका. अंगावरचे खवले घासून ते करवतीसारखा आवाज करतं; ऐकू आला की जागीच थांबा, कुठे आहे ते पाहा आणि मगच मागे सरा. चावलंच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नको. तो हात किंवा पाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात जा.

प्रश्न : कातळशिल्पांचे फोटो सपाट येतात. रेषांत खडू भरला किंवा पाणी ओतलं तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. जांभा सच्छिद्र आहे, खडूची भुकटी छिद्रांत बसते, मग ती काढायला कुणीतरी ब्रश घासतं आणि कोरीव कडेचे कण निघून येतात. पाणी टाकून शिल्प चोळणंही तसंच. हवी ती तिरपी सावली. सूर्य कलता असला की उथळ रेषाही उठून दिसते. दुपारीच पोचलात तर बारसूच्या सड्यावर कोरलेला माणूस आणि त्याच्या दोन बाजूंचे वाघसुद्धा फिके वाटतील; तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे. पावसाळ्यात गवत आणि साचलेलं पाणी असतं, नोव्हेंबरनंतर कातळ उघडा होतो. शिल्पाच्या बाहेरूनच फिरा. ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तरी अनेक ठिकाणी राखण गावकरीच करतात.

प्रश्न : दोडामार्गातल्या राईत माकडतापाची भीती कितपत?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तिथे 2016 पासून रुग्ण आढळले आहेत, म्हणून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जपायला हवं. ताप पसरतो गोचिडीमुळे. पातेऱ्यात बसू नका, पँट मोज्यात खोचा, परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे पाहा आणि कपडे गरम पाण्यात टाका. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच माघारी फिरा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. पुढच्या आठवड्याभरात एकाएकी ताप आणि डोकेदुखी झाली, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगा.