स्पॅनिश शब्दात जोर कुठे द्यायचा, हे नुसतं वाचून कसं ओळखायचं?

इंग्रजीसारखा एकेक शब्द पाठ करावा लागत नाही. लिहिलेल्यावरून जोर कळतो. मात्र आधी शब्द अक्षरांत नीट तोडता यायला हवा, आणि आपली गोची तिथेच होते.

देवनागरीच्या सवयीने आपण अख्खं जोडाक्षर पुढच्या स्वराला देतो. 'कार्ता' (पत्र) आपल्याला का-र्ता दिसतं. स्पॅनिशमध्ये ते कार्-ता. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढे जातं: का-सा. दोन असतील तर एक मागे, एक पुढे. फक्त प, ब, क, ग, फ यांना लागलेला र किंवा ल, आणि त, द यांना लागलेला र सुटत नाही: ली-ब्रो, एन्-त्रार. तीन व्यंजनांत अशी जोडी नसेल तर पहिली दोन मागे राहतात: इन्स्-तान्-ते. 'त्ल'चं मात्र प्रांतागणिक बदलतं. खेळाडूला स्पेनमध्ये बहुतेक आत्-ले-ता म्हणतात, मेक्सिकोत आ-त्ले-ता.

आ, ए, ओ हे बळकट स्वर. इ, उ दुबळे. दोन वेगळे बळकट स्वर शेजारी आले तर अक्षरं दोन: ते-आ-त्रो. एक दुबळा असेल तर एकच: पुएर्-ता. पण दुबळ्यावर टिल्दे (तिरकी रेघ) असेल तर तो वेगळा होतो: पा-ईस.

आता जोर. शब्दाचा शेवट स्वर, एन किंवा एसने होत असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर: 'कासा'त का वर, 'एस्पान्योल'मध्ये योल वर. शेवटचा वाय इथे व्यंजन धरायचा, म्हणून 'एस्तोय'मध्ये तोय वर. टिल्दे दिसली की हे सगळं बाजूला ठेवायचं; जोर तिथेच. ती शोभेची नाही: 'तेर्मिनो'त तेर वर असेल तर संज्ञा किंवा मुदत, नो वर असेल तर 'त्याने संपवलं', आणि टिल्देच नसेल तर जोर मि वर, अर्थ 'मी संपवतो'.

जोर म्हणजे बाकीचे स्वर इंग्रजीसारखे गिळणं नव्हे. ते पूर्ण उच्चारायचे.

अनेकवचन करताना टिल्दे येते-जाते, पण जोर सहसा हलत नाही. 'खोबेन'ला (तरुण) टिल्दे नाही, 'खोबेनेस'ला खो वर आहे; ती नसती तर नियमाने जोर बे वर गेला असता. 'काराक्तेर' (स्वभाव) मात्र हट्टी: एकवचनात जोर राक वर, अनेकवचनी 'काराक्तेरेस'मध्ये ते वर. हा तेवढा पाठच करा.