२४९ ग्रॅमचा ड्रोन आणि स्वित्झर्लंड-पॅरिस सहल

तुम्ही विचारलंय की डीजेआय कंपनीचा ‘मिनी’ ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, मग स्वित्झर्लंड-पॅरिसला कसलीच परवानगी लागणार नाही ना? दुकानदार हेच सांगून विकतात, पण ते अर्धंच खरं आहे. वजन २५० ग्रॅमच्या आत असल्यामुळे ड्रोन उडवणाऱ्याची परीक्षा सुटते, नोंदणी नाही. युरोपीय संघाच्या नियमांत ड्रोनला कॅमेरा असला आणि तो खेळणं म्हणून विकलेला नसला, की ऑपरेटर म्हणून नोंदणी करावीच लागते. स्वित्झर्लंड संघात नाही, पण १ जानेवारी २०२३ पासून तिथेही हेच नियम लागू आहेत. बाहेरून येणाऱ्याने जिथे पहिल्यांदा उडवणार त्या देशात नोंदणी करायची आणि मिळालेला नंबर ड्रोनवर चिकटवायचा. आपल्याकडच्या ड्रोन-नोंदणीचा तिथे काही उपयोग नाही.

मिनीची मोठी ‘प्लस’ बॅटरी घेतली असेल तर ती घरीच ठेवा. ती बसवली की वजन २५० च्या वर जातं आणि मग ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा आलीच, शिवाय स्वित्झर्लंडमध्ये दहा लाख फ्रँकचा दायित्व विमाही (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा).

पॅरिसचं म्हणाल तर नाद सोडा. अख्ख्या शहरावर बंदी आहे, आयफेल टॉवरचा शॉट डोक्यातून काढून टाका.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र मजा आहे. सरकारचा ड्रोन-नकाशा ऑनलाइन आहे. विमानतळांचा परिसर, वन्यप्राण्यांची संरक्षित क्षेत्रं असं सगळं त्यावर रंगवलेलं असतं. हॉटेल बुक करायच्या आधीच तो बघा. उंचीची मर्यादा १२० मीटर, आणि पर्यटक फसतात ते इथेच. ॲपवर दिसणारी उंची तुम्ही जिथून उडवलात तिथून मोजलेली असते, कायदा मोजतो ते जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासूनचं अंतर. म्युरेन गाव कड्यावर वसलंय. तिथून ड्रोन सरळ दरीवर नेलात, तर कड्यापासून १२० मीटर पुढे जाताच नियम मोडला, स्क्रीनवर भले १० मीटर दिसू देत! खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत हेलिकॉप्टर, पॅराग्लायडर, बेस जंपर (कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारणारे) यांची ये-जा चालू असते, त्यामुळे हा नुसता कागदी नियम नाही. ड्रोन कायम डोळ्यांना दिसला पाहिजे आणि गर्दीवर न्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

विमानात सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या, टोकांना चिकटपट्टी लावून. मिनीची साधी बॅटरी १०० वॅट-अवरच्या मर्यादेच्या खूप आत असते, अडवणार नाहीत. सहलीला इजिप्त किंवा मोरोक्को जोडलं असेल तर ड्रोन नेऊच नका, विमानतळावरच काढून घेतात.

आता आपल्याकडचं, जे कुणी सांगत नाही. निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून ड्रोनचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट (ड्रोन इथूनच नेलाय असा दाखला) करून घ्या. ड्रोन आणि बिल दाखवावं लागतं, सिरियल नंबर त्यावर नीट उतरवलाय का ते तिथेच उभं राहून तपासा. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे. हा कागद नसेल तर परत येताना तुमचाच ड्रोन तुमचा आहे हे पटवत बसावं लागेल. तिथे स्वस्त मिळतोय म्हणून दुसरा घ्यायचा विचार असेल, तर तो सोडा.