मडगाव-पणजी रोजच्या बसप्रवासासाठी ८ इंची मिनी लॅपटॉप घ्यावा का? मराठी टायपिंगही करायचे आहे.

दुसरा लॅपटॉप म्हणून जरूर घ्या, एकमेव म्हणून नको. पाऊण किलोच्या आसपास वजन, त्यामुळे कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) सीटवर मांडीवर सहज मावतो. मेल, एक्सेल, सर्व्हरची किरकोळ कामे उरकतात. खरी अडचण कीबोर्डची. इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या मानक कीबोर्ड मांडणीत) च, ट, ड, य ही अक्षरे उजवीकडच्या विरामचिन्हांच्या कळांवर असतात, आणि छोट्या कीबोर्डवर नेमक्या त्याच कळा अर्ध्या रुंदीच्या किंवा भलतीकडे हलवलेल्या असतात. म्हणून दुकानात ‘चटकन या’ टाइप करून बघा, मगच पैसे द्या. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहून मराठी उमटवणारी पद्धत) वापरत असाल तर हा त्रास बराच कमी.

घेण्याआधी हेही बघा:
- रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. १६ जीबीच घ्या.
- ४० वॅट-अवरची बॅटरी १० वॅट खर्चात चार तास पुरते. पॉवर बँक ४५ वॅट पीडीची (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरून जास्त वॅट देणारी) हवी, मोबाइलची साधी चालत नाही.

पावसाळ्यात एसी बसमधून उतरल्याउतरल्या उघडू नका. थंड बॉडीवर दमट हवेचे पाणी धरते. पंधरा-वीस मिनिटे बॅगेतच राहू द्या.